काखेत कळसा: ऑफिसातलं लॉगिन डीएनएसमुळे रेंगाळतं तेव्हा

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात सकाळी साडेनऊचा क्रम ठरलेला होता. आल्यावर कॉम्प्युटर चालू करायचा, पासवर्ड टाकायचा, एंटर मारायचं आणि डबा ड्रॉवरमध्ये ठेवून चहाला जायचं. चहा पिऊन येईपर्यंत डेस्कटॉप आलेला असायचा. नवीन लागलेल्या मुलालासुद्धा पहिल्याच दिवशी हेच शिकवलं गेलं: "एंटर मार आणि चल, एवढ्यात नाही यायचं ते." तिकडे मालकांच्या टेबलावर बावीस एसएसडींचं कोटेशन सहीची वाट बघत पडलं होतं.

मला बोलावलं होतं ते कोटेशन वाजवी आहे का ते बघायला. मी एका पीसीची लॅन केबल काढली, रीस्टार्ट केला आणि त्या पीसीवर बसणाऱ्या मॅडमना पासवर्ड टाकायला सांगितलं. बारा-पंधरा सेकंदांत डेस्कटॉप आला. केबल परत लावली, पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा पासवर्ड. आता दोन मिनिटं गोल फिरत राहिलं. डिस्क तीच, रॅम तीच, माणूसही तेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चालला होता.

दोष डीएनएसच्या, म्हणजे नावावरून कॉम्प्युटरचा आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेच्या, सेटिंगमध्ये निघाला. अशा ऑफिसांमध्ये तो इतक्या वेळा तिथेच सापडतो की मी हल्ली शोध तिथूनच सुरू करतो. तो कसा घ्यायचा ते पुढे सविस्तर लिहितो आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांतच करायच्या. उदाहरणासाठी डोमेनचं नाव कचेरी.लोकल, सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१०.५ आणि इंटरनेट राउटरचा पत्ता १९२.१६८.१०.१ धरू.

एंटर मारल्यावर काय होतं

ऑफिसातले सगळे युजर आणि पीसी एका जागी सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची व्यवस्था म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरी, आणि तिच्या ताब्यातला गट म्हणजे डोमेन. अशा डोमेनमध्ये असलेला पीसी पासवर्ड स्वतः तपासत नाही. ते काम डोमेन कंट्रोलरचं, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या डीसीचं. पण डीसी कुठे बसला आहे हे पीसीमध्ये कोणी लिहून ठेवलेलं नसतं. पीसीला डोमेनचं नाव तेवढं ठाऊक असतं. म्हणून तो डीएनएसला एक खास प्रश्न विचारतो. उत्तर ज्या रेकॉर्डमध्ये असतं त्याला एसआरव्ही म्हणतात आणि त्या रेकॉर्डचं नाव असं लांबलचक असतं:

_एलडॅप._टीसीपी.डीसी._एमएसडीसीएस.कचेरी.लोकल

उत्तरात डीसीचं नाव आणि ३८९ हा पोर्ट (त्या सेवेच्या दरवाजाचा नंबर) येतो. मग त्या नावाचा आयपी पत्ता. मग यूडीपी ३८९ वर "आहेस का रे?" अशी एक हाक. तिला ओ आली की पोर्ट ८८ वर केर्बेरॉसचं तिकीट (ओळख पटल्याचा पास), त्यानंतर पोर्ट ४४५ वरून सिसवॉल या शेअरमधली ग्रुप पॉलिसी (डोमेनने पीसींना आणि युजरांना लावलेले नियम), मग लॉगिन स्क्रिप्ट, मॅप केलेले ड्राइव्ह, नेटवर्क प्रिंटर. यातल्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर कुठलं तरी नाव डीएनएसला विचारलं जातं. विंडोज एनटी ४ च्या काळात डीसी शोधायचं काम नेटबायोस आणि विन्स या नावं शोधायच्या जुन्या पद्धतींवर चालायचं. विंडोज २००० पासून ते डीएनएसवर आलं. लिनक्सवर साम्बा ४ चा डीसी चालवत असाल तरी हे सगळं जसंच्या तसं लागू आहे.

आता समजा पीसीच्या डीएनएस सेटिंगमध्ये ८.८.८.८ आहे. हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस. जगभरातली नावं त्याला माहीत, पण तुमच्या रॅकमधला सर्व्हर त्याला कसा माहीत असणार? तो सरळ सांगतो की असं डोमेन अस्तित्वात नाही. डीसी शेजारच्या खोलीत आणि पीसी त्याचा पत्ता विचारायला समुद्रापार: काखेत कळसा, गावाला वळसा. मग विंडोज इतर मार्गांनी हाका मारत बसतं, नेटबायोसने ब्रॉडकास्ट करून बघतं, थांबतं, पुन्हा विचारतं. डीएनएस सर्व्हर उत्तरच देत नसेल तर एका नावासाठी सुमारे १० सेकंद थांबून मगच विंडोज नाद सोडतं. अशी चार-सहा नावं एकामागोमाग आली की मिनिट सहज उलटतं.

गंमत अशी की एवढं होऊनही लॉगिन शेवटी होतंच. विंडोज आधी येऊन गेलेल्या युजरांच्या पासवर्डची पडताळणी पीसीमध्ये जपून ठेवतं (मूळ सेटिंगमध्ये शेवटच्या १० लॉगिनची). डीसी सापडला नाही की त्या साठ्यावरून आत सोडतं. त्यामुळे "लॉगिन होत नाही" अशी तक्रार कोणी करत नाही, "पीसी स्लो झालाय" अशी करतं. आणि पीसी स्लो म्हटलं की हार्डवेअरवाला आपलं दुकान मांडतो. पूर्ण बंद पडलेलं नेटवर्क तासाभरात दुरुस्त होतं. अर्धवट बिघडलेलं वर्षभर तसंच चालतं.

पर्यायी डीएनएस म्हणजे स्टेपनी नव्हे

ही एक गोष्ट नीट समजली तर लेखाचा निम्मा उपयोग झाला. नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये दोन रकाने असतात: पहिला डीएनएस आणि पर्यायी डीएनएस. बहुतेकांची समजूत अशी की पहिल्याला नाव सापडलं नाही तर विंडोज दुसऱ्याला विचारेल. म्हणून पहिल्यात सर्व्हर, दुसऱ्यात ८.८.८.८ घालून माणूस निर्धास्त होतो. स्टेपनी मागे टांगली की कसं बरं वाटतं, तसं.

प्रत्यक्षात दुसरा विचारला जातो तो पहिल्याने काहीच उत्तर दिलं नाही तर. "नाही, असं नाव नाही" हेसुद्धा विंडोजच्या लेखी उत्तरच. ते आलं की प्रश्न मिटला, दुसऱ्याकडे जायचं कारण नाही.

याचा परिणाम बघा. सकाळी सगळे एकदम आले, सर्व्हर बॅकअप किंवा अपडेटमध्ये गुंतला होता आणि एका प्रश्नाला सेकंदभरात उत्तर देऊ शकला नाही. पीसी पर्यायी डीएनएसकडे वळला. तिथून ताबडतोब उत्तर आलं की असं डोमेन नाही. बरं, उत्तर वेळेत देणाऱ्या सर्व्हरवर विंडोजची मर्जी बसते, म्हणून काही वेळ तो पीसी आधी त्यालाच विचारत राहतो. दहा मिनिटांनी तुम्ही तपासायला येता तेव्हा गाडी रुळावर आलेली असते. सोमवारी स्लो, मंगळवारी बरं, एकाकडे स्लो, शेजाऱ्याकडे बरं, असा लपंडाव ज्या ऑफिसात आहे तिथे दुसऱ्या रकान्यात बाहेरचा डीएनएस हमखास सापडतो. पहिल्याच रकान्यात ८.८.८.८ असतं तर रोज, सगळ्यांकडे त्रास झाला असता आणि लवकर पकडला गेला असता. म्हणून मला दुसरा रकाना जास्त घातक वाटतो.

नियम एका ओळीचा: डोमेनमधल्या पीसीच्या डीएनएस यादीत डोमेन माहीत असलेलेच सर्व्हर हवेत. राउटर नको, आयएसपीचा नको, गूगल नको, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ सुद्धा नको. इंटरनेटवरची नावं पीसी आपल्या डीसीलाच विचारेल आणि डीसी ती बाहेर विचारून आणेल.

पायरी १: दोष खरंच नेटवर्कचा आहे का

सेटिंगला हात लावण्याआधी मोजा. मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं. एंटर मारल्यापासून डेस्कटॉपवरचे आयकॉन दिसेपर्यंतचा वेळ तीन पीसींवर, प्रत्येकी दोनदा, कागदावर लिहा. "आधीपेक्षा बरं वाटतंय" यावर बिल मंजूर होत नाही.

मग वर सांगितलेली केबलची परीक्षा. आधी लॉगिन करून गेलेल्या युजरचा पीसी बंद करा, केबल काढा, वायफाय असेल तर तेही बंद करा, आणि चालू करून लॉगिन करा. केबलशिवाय झटपट आणि केबल लावल्यावर रेंगाळतं, तर डिस्क आणि रॅम निर्दोष. दोन्ही वेळा सारखंच रेंगाळत असेल तर हा लेख बाजूला ठेवा. तिथे डिस्क, अँटिव्हायरस किंवा फुगलेलं प्रोफाइल बघायला हवं, आणि कोटेशनवर सही करायलाही हरकत नाही.

गोल फिरताना पडद्यावर कोणती ओळ दिसते तेही टिपून ठेवा. "प्लीज वेट फॉर द ग्रुप पॉलिसी क्लायंट" दिसत असेल तर संशय डीसी आणि डीएनएसवर. "यूजर प्रोफाइल सर्व्हिस"वर अडकत असेल आणि प्रोफाइल सर्व्हरवर ठेवलेली असतील तर त्यांचा आकार आधी बघा.

पायरी २: चार ओळी वाचा

रेंगाळणाऱ्या पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग /ऑल चालवा. पसारा बराच येतो, पण वाचायच्या ओळी चारच.

डीएनएस सर्व्हर्स: इथे १९२.१६८.१०.५ खेरीज काहीही दिसलं तर चोर बहुधा सापडला. यादी दोन-तीन ओळींची असू शकते, खालच्या ओळीही वाचा.

डीएचसीपी सर्व्हर: पीसींना आपोआप आयपी पत्ते (आणि डीएनएसचं सेटिंग) कोण वाटतंय ते इथे कळतं. सर्व्हरच्या जागी राउटरचा पत्ता दिसला तर पुढे पायरी ५. दोन पीसींवर दोन वेगळे पत्ते दिसले तर ऑफिसात दोन डीएचसीपी चालू आहेत. कॉन्फरन्स रूममध्ये कोणीतरी घरचा वायफाय राउटर आणून लावलाय का, जरा टेबलाखाली वाकून बघा. मला एकदा तो कुंडीमागे सापडला होता.

डीएचसीपी एनेबल्ड: "नो" असेल तर त्या पीसीवर पत्ते हाताने भरलेले आहेत. अशा पीसीला तुम्ही डीएचसीपीमध्ये केलेली दुरुस्ती कधीच पोचणार नाही. "येस" असूनही डीएनएस तेवढा हाताने भरलेला असू शकतो, तेव्हा ॲडॅप्टरच्या गुणधर्मांत जाऊन खात्री करा.

चौथी गोष्ट आयपीव्ही६ ची, म्हणजे नव्या, लांब आयपी पत्त्यांची, आणि ही हल्ली फार सतावते. आपल्याकडचे फायबर कनेक्शनचे राउटर आयपीव्ही६ चालू ठेवूनच येतात आणि स्वतःला डीएनएस म्हणून जाहीर करत राहतात. डीएचसीपीमध्ये तुम्ही सगळं नीट भरलेलं असतं, तरी डीएनएसच्या यादीत वर एक कोलनवाला लांब पत्ता येऊन बसतो, एफई८० ने किंवा २ ने सुरू होणारा. पीसी आधी त्याला विचारतो. विंडोज १० मध्ये २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटपासून राउटरच्या जाहिरातीतला डीएनएस घेण्याची सोय आली. त्यामुळे काल नीट चालणारं ऑफिस फक्त इंटरनेट कंपनी बदलल्यावर रेंगाळू शकतं. उपाय राउटरवर करायचा: लॅन बाजूची आयपीव्ही६ जाहिरात, निदान तिच्यातला डीएनएस, बंद करा. प्रत्येक पीसीवर आयपीव्ही६ ची खूण काढत बसू नका. मायक्रोसॉफ्ट ते करू नका असंच सांगतं आणि बावीस टेबलांखाली फिरण्यात काही पुरुषार्थ नाही.

पायरी ३: डीएनएसला पीसीच्या भाषेत विचारा

पिंग चालतंय म्हणून डीएनएस ठीक, असं मानू नका. पिंग साधं नाव विचारतं, लॉगिन एसआरव्ही विचारतं. तेव्हा तोच प्रश्न आपणही विचारायचा:

एनएसलुकअप -टाइप=एसआरव्ही _एलडॅप._टीसीपी.डीसी._एमएसडीसीएस.कचेरी.लोकल १९२.१६८.१०.५

शेवटचा पत्ता म्हणजे प्रश्न कोणाला विचारायचा तो सर्व्हर. पायरी २ च्या यादीत जेवढे पत्ते दिसले, तेवढ्या वेळा ही कमांड पत्ता बदलून चालवा. हे महत्त्वाचं, कारण पत्ता दिला नाही तर एनएसलुकअप यादीतल्या पहिल्यालाच विचारतं आणि दुसऱ्या रकान्यातला घोटाळा झाकलेला राहतो. बरोबर उत्तरात डीसीचं नाव, पोर्ट ३८९ आणि त्याचा आयपी दिसेल. "नॉन-एक्झिस्टंट डोमेन" सांगणारा सर्व्हर यादीतून जायला हवा.

पहिल्या ओळीत सर्व्हरच्या नावापुढे "अननोन" दिसलं तर दचकू नका. रिव्हर्स झोन (पत्त्यावरून नाव सांगणारी यादी) बनवलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. त्याने लॉगिन रेंगाळत नाही.

यानंतर एनएलटेस्ट /डीएसगेटडीसी:कचेरी.लोकल /फोर्स चालवा. "फोर्स" लिहिल्याने जुनं लक्षात ठेवलेलं उत्तर न देता पीसी नव्याने डीसी शोधतो. उत्तर लगेच यायला हवं. इथे कर्सर लुकलुकत थांबला, तर तुमचे युजर रोज सकाळी कशाची वाट बघतात ते तुम्ही डोळ्यांनी बघताय.

तिसरी कमांड के-लिस्ट. लॉगिननंतर लगेच चालवा. तिकिटांची संख्या शून्य दिसली तर हा माणूस डीसीला न भेटताच, जुन्या साठ्यावरून आत आला आहे. एका शब्दाची ही कमांड मला सगळ्यांत आवडते. वाद तिथेच संपतो.

पायरी ४: इव्हेंट व्ह्यूअरमध्ये वेळ मिलिसेकंदांत

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये लाल खुणा इतक्या असतात की लोक तो उघडून लगेच मिटतात. नेमके नंबर शोधा.

सिस्टम लॉगमध्ये १०१४ म्हणजे अमुक नावाला कुठल्याच डीएनएसने उत्तर दिलं नाही. ते नावही तिथे लिहिलेलं असतं. ५७१९ हा नेटलॉगॉनचा: डोमेनमधल्या डीसीशी सुरक्षित जोडणी झाली नाही. १०५४ आणि ११२९ ग्रुप पॉलिसीचे, डीसीचं नाव मिळालं नाही किंवा डीसीपर्यंत पोचता आलं नाही म्हणून. ॲप्लिकेशन लॉगमध्ये विनलॉगॉनचे ६००५ आणि ६००६ बघा. कोणत्या घटकाने किती सेकंद खाल्ले ते ६००६ मध्ये आकड्यात येतं.

खरा ऐवज मात्र ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ग्रुप पॉलिसी, ऑपरेशनल या कप्प्यात आहे. तिथला ५३२६ नंबर सांगतो की डीसी सापडायला किती मिलिसेकंद लागले, आणि ८००१ सांगतो की त्या युजरची पॉलिसी एकूण किती सेकंदांत आटोपली. सुरळीत ऑफिसात पहिला आकडा लहान असतो. तो हजारांच्या घरात गेला की डीएनएसकडे बोट. उलट डीसी चुटकीसरशी सापडतोय आणि तरी ८००१ मोठा आहे, तर दोष पॉलिसीत, स्क्रिप्टमध्ये किंवा ड्राइव्हमध्ये. त्याकडे पायरी ६ मध्ये येऊ.

५७१९ च्या बाबतीत एक तोतया ओळखून ठेवा. मॅनेज्ड स्विचवर स्पॅनिंग ट्री (केबलींचा फेरा जुळून नेटवर्क अडकू नये म्हणून असलेली सोय) चालू असेल तर स्विचवरचा केबलचा पोर्ट जागा झाल्यावर सुमारे ३० सेकंद काहीच पुढे सोडत नाही. पीसी तोवर लॉगिनच्या पडद्यावर पोचलेला असतो. लक्षणं हुबेहूब डीएनएससारखी. पीसी चालू करून मिनिटभर थांबून मग पासवर्ड टाकल्यावर लॉगिन झटपट होत असेल, तर त्या पोर्टवर पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट चालू करा.

पायरी ५: आधी एका पीसीवर, मग मुळाशी

एकच पीसी घ्या. डीएनएसमध्ये हाताने फक्त १९२.१६८.१०.५ भरा, दुसरा रकाना रिकामा ठेवा. आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस चालवा, रीस्टार्ट करा, लॉगिन करा. मग पुन्हा एकदा रीस्टार्ट आणि लॉगिन, आणि दुसरा वेळ कागदावर घ्या. फरक पडला तर निदान पक्कं. आता तो पीसी पुन्हा स्वयंचलितवर टाका आणि खरी दुरुस्ती जिथून पत्ते वाटले जातात तिथे करा.

माझा आग्रह असा की डोमेन असलेल्या ऑफिसात डीएचसीपी राउटरवर ठेवूच नये, विंडोज सर्व्हरवर ठेवावा. सर्व्हरच्या डीएचसीपी स्कोपमध्ये ००६ या पर्यायात डीसीचा पत्ता आणि ०१५ मध्ये कचेरी.लोकल भरा, सर्व्हर ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ऑथराइज करा, मगच राउटरचा डीएचसीपी बंद करा. हा क्रम उलटा केलात तर मधल्या वेळेत कोणालाच पत्ता मिळणार नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीत किंवा सहानंतर. राउटरवरच ठेवायचा असेल तर तिथल्या लॅन डीएचसीपीत डीएनएसचे रकाने असतात, त्यात डीसीचा पत्ता घाला आणि दुसरा मोकळा ठेवा. काही स्वस्त राउटर दुसरा रकाना मोकळा दिसला की गुपचूप स्वतःचा पत्ता घालतात, तेव्हा एका पीसीवर नवीन पत्ता घेऊन खात्री करा. पाहुण्यांच्या वायफायला हे काही लागू नाही. ते वेगळं असावं आणि तिथे सार्वजनिक डीएनएस खुशाल असू द्या.

मग सर्व्हरकडे वळा. डीसीच्या स्वतःच्या नेटवर्क कार्डात ८.८.८.८ भरलेलं असणं ही ठरलेली चूक. डीसी एकटाच असेल तर तिथे त्याचा स्वतःचाच पत्ता. दोन डीसी असतील तर प्रत्येकाने आधी दुसऱ्याला विचारावं आणि यादीत शेवटी १२७.०.०.१. डीसी स्वतःपुरताच बघत असेल तर सुरू होताना डीएनएस ॲक्टिव्ह डिरेक्टरीची आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी डीएनएसची वाट बघत बसते. इव्हेंट ४०१३ दिसतो तो याचाच.

बाहेरचे डीएनएस कुठे घालायचे? डीएनएस मॅनेजरमध्ये सर्व्हरच्या गुणधर्मांत फॉरवर्डर्स नावाचा टॅब आहे. ८.८.८.८, १.१.१.१, आयएसपीचा पत्ता, सगळ्यांची हक्काची जागा ती. तिथे मेलेले पत्ते ठेवू नका. आयएसपी बदलून तीन वर्षं झाली तरी जुन्याचा डीएनएस पहिल्या नंबरावर, हे मी अनेकदा पाहिलंय. बाहेरचं प्रत्येक नवं नाव आधी त्याची वाट बघतं, मग पुढे सरकतं. लॉगिनबरोबर वनड्राइव्ह, आउटलुक, अँटिव्हायरस हे सगळे बाहेरची नावं विचारत उठतात, त्यामुळे डेस्कटॉप आल्यानंतरचं रेंगाळणं यातूनही येतं.

शेवटी सर्व्हरवर डीसीडायग /टेस्ट:डीएनएस चालवून बघा. एसआरव्ही रेकॉर्ड गायब असतील तर नेटलॉगॉन सर्व्हिस रीस्टार्ट करा, ते पुन्हा नोंदवले जातात.

पायरी ६: तरीही रेंगाळतंय?

मग डीएनएस बरोबर माणसाला विचारला जातोय, पण त्याचं उत्तर शिळं किंवा चुकीचं आहे.

जुना डीसी बंद करून विकला, पण डोमेनमधून रीतसर काढला नाही, तर त्याचे एसआरव्ही रेकॉर्ड तसेच राहतात. पीसी अधूनमधून त्या मेलेल्या पत्त्यावर हाक मारतो. पायरी ३ च्या एनएसलुकअपमध्ये अनोळखी किंवा जुनं नाव दिसलं तर हेच. ॲक्टिव्ह डिरेक्टरी साइट्स अँड सर्व्हिसेसमधून आणि डीएनएस झोनमधून त्याच्या नोंदी साफ कराव्या लागतात. ही साफसफाई बॅकअप घेतल्याशिवाय करू नका.

डीसीला दोन नेटवर्क कार्डं असतील, बॅकअपसाठी एक, किंवा व्हीपीएनचं एक, तर तो दोन्ही पत्ते डीएनएसमध्ये नोंदवतो. युजरांना त्यातला न पोचणारा पत्ताही हाती येतो. केबल न लावलेल्या कार्डावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता नोंदवला गेल्याचंही पाहिलं आहे. जादा कार्ड वापरात नसेल तर बंदच करा. वापरात असेल तर त्याच्या डीएनएस टॅबमधली "या जोडणीचे पत्ते डीएनएसमध्ये नोंदवा" ही खूण काढा आणि चुकीचा रेकॉर्ड हाताने पुसा.

डोमेनचं नाव कंपनीच्या वेबसाइटसारखंच ठेवलेलं असेल तर आणखी एक वेंधळेपणा होतो. बाहेरच्या डीएनएसला ते नाव माहीत असतं, पण त्याचं उत्तर म्हणजे वेबसाइटच्या होस्टिंगचा पत्ता. पीसी सिसवॉल मागायला त्या परक्या सर्व्हरच्या दारात जातो आणि कोणी दार उघडत नाही. इथे "असं नाव नाही" हे उत्तरही मिळत नाही, म्हणून ताटकळणं जास्त.

शाखा असलेल्यांनी साइट (ॲक्टिव्ह डिरेक्टरीतली ठिकाणांची विभागणी) तपासावी. पुण्याला मुख्य ऑफिस आणि कोल्हापूरला शाखा, दोन्हीकडे डीसी, तरी कोल्हापूरचा पीसी व्हीपीएनवरून पुण्याला लॉगिन करत असेल, तर साइट्स अँड सर्व्हिसेसमध्ये कोल्हापूरचा सबनेट (तिथल्या आयपी पत्त्यांचा पट्टा) टाकायचा राहिला आहे. डीसीवर विंडोज फोल्डरमधल्या डीबग फोल्डरात नेटलॉगॉनची लॉग फाइल असते. तिथे "नो क्लायंट साइट" असं लिहून पुढे पीसींची नावं आणि पत्ते दिसतात.

आणि मॅप केलेले ड्राइव्ह. दोन वर्षांपूर्वी बदललेल्या सर्व्हरच्या नावाने झेड ड्राइव्ह अजून स्क्रिप्टमध्ये आहे, किंवा भंगारात गेलेला प्रिंटर पॉलिसीत. तपासायला सोपं: एक चाचणी युजर बनवा, त्याला कुठलीही स्क्रिप्ट, ड्राइव्ह, प्रिंटर देऊ नका. त्याचं लॉगिन झटपट आणि इतरांचं संथ असेल तर यादी झाडून काढा.

लिनक्स सर्व्हरवर एसएसएच (दुरून लॉगिन) करताना पासवर्ड विचारण्याआधीच थांबायला होत असेल तर तेही याच घराण्यातलं दुखणं. सर्व्हर तुमच्या आयपीवरून तुमचं नाव शोधू बघतो. त्याच्या रिझॉल्व्ह कॉन्फ फाइलमधला डीएनएस मेलेला असेल तर मूळ सेटिंगप्रमाणे दर प्रयत्नाला ५ सेकंद जातात. ती फाइल सुधारा, किंवा एसएसएचडीच्या कॉन्फिगमध्ये यूजडीएनएस "नो" करा, ओपनएसएसएच ६.८ पासून, म्हणजे २०१५ पासून, ते मुळातच "नो" असतं.

"पण सर्व्हर बंद पडला तर?"

हा प्रश्न मालक विचारणारच, आणि तो रास्त आहे. भोसरीतल्या त्या ऑफिसात दुसऱ्या रकान्यात ८.८.८.८ आलं होतं ते याच भीतीने. एकदा सर्व्हरचा पॉवर सप्लाय जळाला, दिवसभर कोणालाच इंटरनेट मिळालं नाही, जीएसटी रिटर्नची तारीख होती. संध्याकाळी कोणीतरी शहाणपणाने राउटरच्या डीएचसीपीत पर्यायी डीएनएस घातला. इंटरनेट आलं, सगळे खूश. रोजची दोन मिनिटं कोणी मोजली नाहीत.

खरं उत्तर म्हणजे दुसरा डीसी. त्याला मोठं मशीन लागत नाही. वीस-पंचवीस पीसींच्या ऑफिसात लॉगिन आणि डीएनएसचा भार किरकोळ असतो. दुसऱ्या मशीनवरचा व्हर्च्युअल डीसीही चालतो, फक्त दोन्ही डीसी एकाच होस्टवर ठेवू नका. मग दोन्ही रकाने हक्काने भरा, दोन्हींत आपलेच पत्ते. हा दुसरा डीएनएस खरी स्टेपनी.

दुसऱ्या डीसीचं बजेट नसेल तर मी असं करतो: दुसरा रकाना रिकामाच ठेवतो आणि सर्व्हर पडल्यावर राउटरचा डीएचसीपी तात्पुरता कसा चालू करायचा, ते पाच ओळींत लिहून सर्व्हर रॅकच्या दाराला आतून चिकटवतो. पाचवी ओळ "सर्व्हर आल्यावर हे बंद करा" अशी, आणि ती लाल पेनने. भोसरीतला कागदही तसाच आहे. तिथे एसएसडी शेवटी सहाच घेतल्या, ज्या पीसींना खरोखर हव्या होत्या त्यांनाच. चहाला सगळे अजूनही साडेनऊलाच जातात.